एकादशीची बेक-भगर

ओव्हन पॅसेजमध्येच लावावा लागतो, हे मी साफ विसरले होते. माळ्यावरून काढला, ओल्या फडक्यानं पुसला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऐटीत ठेवला आणि प्लग हातात घेऊन भिंती चाचपत राहिले. तो जाडजूड काळा प्लग ओट्यावरच्या कुठल्याच भोकात जाईना. आई पलंगावरून बघत होती. तिनं हनुवटीनं बाथरूमच्या दाराकडे दाखवलं. तिथे गिझरचा पॉवर पॉइंट, अख्ख्या घरात एकच. मग मी लाकडी स्टूल आणलं, त्यावर ओव्हन ठेवला आणि पॅसेजमध्ये फतकल मारून बसले. तेव्हा कुठे ते घर मला आपलं वाटायला लागलं.

ओव्हन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसलं काही नव्हे हे. ॲल्युमिनियमचा गोल डबा, वर झाकण, झाकणाला बशीएवढी काच. काचेतून आतलं दिसतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. आम्हाला कधी काही दिसलं नाही, वाफेनं ती काच आंधळीच व्हायची. आईनं केकच्या क्लासच्या उत्साहात तो घेतला, एक-दोन केक केले, एकदा नानकटाई केली, आणि मग उत्साहाबरोबर ओव्हनही माळ्यावर गेला. तिथून त्याला खाली काढलं बाबांनी.

बाबा दिवाळीनंतर गेले. तेव्हापासून आई ताटावर बसते पण जेवत नाही. वाढून घेते, भाताभोवती बोटं फिरवते आणि हात धुऊन उठते. दादा बंगलोरहून रोज फोन करतो आणि मला म्हणतो, तू जाऊन बघ जरा, जसं काही मी पुण्यात पत्ते कुटत बसलेय. आले रजा टाकून. पिठलं केलं, थालीपीठ केलं, तिची आवडती शेवग्याची आमटी केली. प्रत्येक वेळी आई म्हणाली, छान झालंय, आणि वाटी तशीच सरकवली. ‘छान झालंय’ या दोन शब्दांचा मला इतका राग येईल असं कधी वाटलं नव्हतं. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. मला भीती वाटते, सरळच सांगते.

आज एकादशी. म्हटलं, आज ती खाईल. एकादशीला आमच्या घरात जे व्हायचं ते सबंध नाशिकरोडात दुसऱ्या कुणाच्या घरी होत नसेल.

मी तिसरी-चौथीत असताना आईची मनमाडला बदली झाली. रेल्वेच्या कचेरीत होती ती. बढती मिळाली, आणि बढतीच्या शेपटाला मनमाड. रोज जाऊन-येऊन करायचं. पहाटे तिची वेणी घालायची घाई, स्टोव्हची फरफर, डब्याच्या झाकणाचा टप्पकन आवाज, आणि मग जिन्यावरून उतरत जाणाऱ्या चपला. मी पांघरुणात डोळे मिटून त्या चपला ऐकायचे. मनमाडला पाण्याची बोंब, म्हणून ती दोन बाटल्या घरून न्यायची. परत यायची तेव्हा तिच्या पदराला लोखंडाचा, धुळीचा आणि गाडीच्या डब्यात बायकांनी सोललेल्या मटाराचा वास असायचा. पिशवीत कधी बोरं, कधी हरभऱ्याच्या जुड्या, थंडीत कधी द्राक्षांचा घड, गाडीच्या गर्दीत चेंगरून निम्मा झालेला.

बाबा सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. फर्स्ट शिफ्ट. आम्ही शाळेतून यायच्या सुमाराला तेही यायचे, म्हणजे संध्याकाळचं घर त्यांच्यावर. त्यांच्या शर्टाला मशीनवर सोडतात त्या कूलंटचा गोडसर, तेलकट वास यायचा. कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेची काळी रेघ जायची नाही. त्या हातांनी ते कुकर लावायला शिकले. पहिले काही दिवस आम्ही करपलेला भात आणि त्याहून करपलेली बटाट्याची भाजी खाल्ली, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. दादानं काढला, पण त्याला टपली बसली.

आत्याला हे सगळं बघवेना. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबांची आई लवकर गेली, तेव्हा परकर सावरत या बहिणीनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. ती नाशकातल्याच द्वारका चौकात राहायची, खाली ट्रकांचं ऑफिस, वर घर. दिवसभर हॉर्न ऐकून ऐकून तिला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. दर आठवड्याला ती रिक्षानं यायची, बरोबर डबे, डब्यांत लाडू नाहीतर ठेचा-भाकरी. आमच्या गालांवरून हात फिरवायची आणि आईला म्हणायची, पोरं वाळली गं मंगल. आईनं नोकरी सोडावी असं तिचं ठाम मत होतं. वाईट नव्हती आत्या. तिनं ज्याला भरवलं तो भाऊ झारा घेऊन चुलीपाशी उभा राहतो, हे तिच्या जिवाला लागत होतं.

आईला नोकरी सोडायची नव्हती. ती कधी तसं तोंडानं म्हणाली नाही, पण पगाराच्या दिवशी ती जिना चढायची त्या पावलांवरून कळायचं. आणि तरी आत्याचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती. शेवटी तीच म्हणाली की वन्सं, तुम्ही एक दिवस संध्याकाळी येऊन बसा, घर कसं चालतं ते डोळ्यांनी बघा, मग तुम्ही म्हणाल तसं. सोड म्हणालात तर सोडते. आत्यानं दिवस ठरवला, येत्या एकादशीचा.

आता आईची एकादशी कशी, ते सांगायला हवं. लग्नाआधीपासूनची होती ती, आणि कडक. कचेरीत कुणी राजगिऱ्याचा लाडू दिला तरी हात कुणाचे, भांडं कसलं, या विचारानं ती तो घरी आणून आम्हाला द्यायची. मामा इगतपुरीहून वरईची पिशवी पाठवायचा, ती भगर ताटात पसरून ती एकेक खडा वेचायची. एकादशीला पहाटे भगर शिजवून ठेवायची, निम्मी डब्यात न्यायची आणि संध्याकाळी आली की उरलेली खायची. तोवर तिचा दगड झालेला असायचा. पाण्याच्या घोटाबरोबर ती तो दगड उतरवायची, आणि बाबा समोर बसून बघायचे.

त्या एकादशीला तिला गरम आणि चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, असं बाबांच्या मनात आलं. आत्याच्या परीक्षेपेक्षा त्यांना त्याचीच जास्त घाई होती, असं मला आता वाटतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत बेक्ड राइसची कृती आली होती. झटपट होणारी, चीजवाली. बाबांनी ती कापून भिंतीला चिकटवली आणि कारखान्यातलं ड्रॉइंग वाचावं तशी वाचली. तांदळाच्या जागी भगर. लोण्याच्या जागी साजूक तूप. मिठाच्या जागी सैंधव. ढोबळी मिरची बाद, तिथे उकडलेला बटाटा. हळद नाही, मोहरी नाही, हिंग नाही.

घोडं अडलं ते चीजपाशी. चीज उपासाला चालतं का? बाबांचं म्हणणं, दूध चालतं, दही चालतं, पेढा चालतो, मग चीज हा दह्याचाच गोरा भाऊ. पण आईच्या एकादशीत आपल्या अकलेनं काही करायचं नव्हतं त्यांना. खालच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या चालत असावं. कारखान्यातल्या एका माळकऱ्याला विचारलं, तो म्हणाला नसावं. शेवटी गणपतीच्या देवळातल्या गुरुजींना गाठलं. गुरुजींनी आधी चीज म्हणजे काय ते विचारून घेतलं, मग म्हणाले, नुसतं दुधाचं असेल तर चालेल, पण माझ्या भरवशावर करू नका. एवढ्यावर बाबा स्कूटर काढून देवळाली कॅम्पात गेले. चीजचा डबा तेव्हा तिथल्याच दुकानांत मिळायचा.

आणि कृतीत लिहिलं होतं, व्हाइट सॉससाठी मैदा दोन चमचे. बाबांनी दोन चमचे मैदा घेतला, स्टीलच्या पट्टीनं चमच्याची कड धरून सपाट केला आणि तुपात सोडला. ज्या माणसानं चीजसाठी देऊळ गाठलं त्याला मैदा म्हणजे गहू, आणि गहू उपासाला चालत नाही, हे सुचलंच नाही. त्यांच्या लेखी भगर, बटाटा, चीज या खायच्या वस्तू. मैदा हा नुसता घट्ट करायचा माल, कपड्यांच्या खळीसारखा. मी दूध ओतत होते, दादा गुठळ्या मोडत होता. आम्ही एकादशीला खुशाल पोळी-भाजी खाणारी पोरं, आम्हाला तरी काय कळणार?

भगर तर पटकन शिजते. जिऱ्याची, हिरव्या मिरचीची फोडणी, दाण्याचं कूट, मग डब्यात भगरीचा थर, बटाट्याच्या चकत्या, वरून सॉस, वरून किसलेलं चीज. दादानं किसताना निम्मं तोंडात टाकलं. पॅसेजमधल्या स्टुलावर ओव्हन तापला आणि आम्ही तिघं जमिनीवर बसलो, आंधळ्या काचेकडे बघत. हळूहळू वास यायला लागला. आधी तुपाचा, मग जिऱ्याचा, मग कडेनं खरपूस होत चाललेल्या चीजचा, आणि या सगळ्यात बाथरूममधल्या लाल साबणाचा. आजही कुठे तसला साबण दिसला की मला भूक लागते. हसायचं असेल तर हसा.

आत्या आली. तिनं स्वतःच्या उपासाला रताळ्याचा कीस डब्यात आणला होता, तसल्या इंग्रजी पदार्थावर तिचा विश्वास नव्हता. हॉलमधल्या खुर्चीत बसून ती सगळं बघत होती. मग जिन्यावर चपला वाजल्या. आई हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लावून बसली, आणि बाबांनी तिच्यापुढे वाफाळतं ताट ठेवलं. वरचा थर सोनेरी, कडेला जरा काळपट. आई त्या ताटाकडे बघतच राहिली. मग तिनं पहिला घास घेतला.

मी तिच्या शेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं. तिचं तोंड हलायचं थांबलं. तेवढ्यात बाबांनी दुसरा डबा ओव्हनमध्ये ठेवून बटण दाबलं आणि घरातले दिवे गेले. फ्यूज उडाला होता. बाबा पुटपुटत तार घेऊन खाली मीटरपाशी गेले. दादानं मेणबत्ती लावली.

मेणबत्तीच्या उजेडात आत्या ताटावर वाकली. “मंगल, हे घट्ट कशानं केलं गं बाळूनं?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तोंड उघडलं. आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट दाबून बसला.

“शिंगाड्याचं पीठ आहे, वन्सं,” आई म्हणाली. “मीच सकाळी काढून ठेवलं होतं.”

आणि तिनं तोंडातला घास गिळला.

वास लय भारी सुटलाय, म्हणत आत्यानं घासभर चवीला मागितलं, तर आईनं ताट चक्क मागे ओढलं. त्यात चीज आहे, तुमचं मन खाईल नंतर, नकोच ते, असं काहीबाही सांगितलं. आत्याला तेही पटलं. तिचा उपास आईनं वाचवला. स्वतःचा गेला तो गेलाच.

दिवे आले. बाबा हाताची धूळ झटकत वर आले आणि आत्याकडे न बघता थेट आईच्या ताटाकडे बघायला लागले. ताट रिकामं होतं. कसं झालंय, हे विचारायचाही त्यांना धीर होईना. आईनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, “अजून आहे का?”

बाबांचा तो चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. पोरासोरासारखे धावले ते ओव्हनकडे.

जाताना आत्या जिन्यात थांबली. मी रिक्षापर्यंत पिशवी न्यायला बरोबर होते. ती आईला म्हणाली, नोकरी सोडू नकोस बाई आता. यानं एवढं हौसेनं मांडलंय, तू घरी बसलीस तर हिरमुसंल तो. मग पदरानं डोळे टिपले आणि मला म्हणाली, तुझ्या बापाला साधं दूध तापवता येत नव्हतं गं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठले आणि आई माझी वेणी घालत असताना तिला विचारलंच की तो तर मैदा होता, मी पाहिलाय. ती म्हणाली, पहिल्याच घासाला कळलं, कच्चा मैदा लपतो होय? मग खाल्लास कशाला, म्हटलं. तिनं वेणीला रिबीन बांधली, गाठ नीट ओढली.

“किती जणांना विचारून विचारून केलं गं त्यांनी,” ती म्हणाली. “बाबांना कधी सांगायचं नाही. शपथ आहे माझी.”

त्या दिवशी तिनं डबा नेला नाही. बाबांना सांगितलं, पोट जरा जड आहे. पुढच्या एकादशीला बाबांनी पुन्हा पट्टी काढली, मैदा सपाट केला, आणि द्वादशीला पुन्हा आईचा डबा घरीच राहिला, बुडालेल्या उपासाची भरपाई म्हणून. मी सुचवलं होतं की मैद्याच्या डब्यात गुपचूप शिंगाड्याचं पीठ भरून ठेवू. आई म्हणाली, चव बदलेल, ते विचारतील, आणि मग मागचंही सगळं कळेल त्यांना. असं बरेच महिने चाललं. मग केव्हातरी ती द्वादशीला डबा न्यायला लागली. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही.

एकादशी हा आमच्या घरचा सण झाला. आईची बदली पुन्हा नाशिकरोडला झाली, ती लवकर घरी यायला लागली, तरी एकादशीचं स्वयंपाकघर बाबांचंच. देवळाली कॅम्पाला जायचं कारण उरलं नाही, चीज गल्लीतल्या दुकानात मिळायला लागलं. लोडशेडिंगच्या काळात बाबा वेळापत्रक बघून ओव्हन लावायचे आणि मधेच लाइट गेली तर डब्याला गोधडी गुंडाळून बसायचे. दादानं पहिल्या पगारातून चकचकीत चौकोनी ओव्हन आणला. बाबांनी तो कौतुकानं पाहिला, त्यात पापड भाजून पाहिले आणि एकादशीला पुन्हा हाच गोल डबा स्टुलावर ठेवला. आत्या गेली. माझं लग्न झालं. माझ्या सासरीही एकादशी करतात, पण तिथे मी ही भगर कधी केली नाही. आपल्या घरातल्या काही गोष्टी बाहेर सांगायला गेलं की खोट्या वाटतात.

तर आज. पॅसेजमध्ये बसून मी सगळं केलं. भगर, बटाटा, जिरं, कूट, चीज. फक्त मैदा नाही घातला. म्हटलं, आता बाबा नाहीत, कुणाचं मन राखायचं नाही. इतक्या वर्षांनी तरी आईची एकादशी नीट घडू दे. सकाळीच बाजारातून शिंगाड्याचं पीठ आणलं होतं. सॉस जरा करडा झाला, पण वास तोच सुटला, तूप, जिरं, खरपूस कडा. लाल साबण आता घरात नसतो, तेवढंच कमी.

ताट आईपुढे ठेवलं. तिनं वरचा थर चमच्यानं फोडला, वाफ तोंडावर घेतली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग चमचा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, “छान झालंय.”

माझा धीरच सुटला. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि रडायला लागले, लहान पोरीसारखी, नाक ओढत. तू अशी करत राहिलीस तर तूही जाशील, मग आम्ही कुणाकडे यायचं, असं काय काय बोलले.  मग आईनं विचारलं, “शिंगाड्याचं पीठ घातलंस ना?”

“हो. तुला उपासाला चालावं म्हणून.”

“बरोबर केलंस,” ती म्हणाली.  “वरच्या फळीवर मैद्याचा डबा आहे. पट्टी त्यातच असेल त्यांची. पुन्हा करतेस?”

“अगं आई, आज एकादशी आहे.”

“म्हणून तर म्हणतेय,” आई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून, स्वतःच उठून दूध तापवायला गेली.